ढाणकीला फुटलेली खंजिरी

थंडी पडली की आमच्या घरात आधी खंजिरीचा घसा बसायचा, मग माणसांचा. वेणूआत्याची खंजिरी चुलीजवळच्या खुंटीला टांगलेली असे. लाकडाचं कडं, त्यात पितळेच्या चकत्या आणि एका बाजूला ताणून बसवलेलं बकऱ्याचं कातडं. दवाचे दिवस आले की ते कातडं ओल पिऊन सैल पडायचं, आणि सकाळी बोट मारलं की ‘टण्ण’ऐवजी ‘धप्प’ असा, ओल्या टोपलीवर थाप मारल्यासारखा आवाज यायचा. मग आत्या हाक मारायची, “मंदे, इकडे ये वो. हिले जरा ऊब दे.” ते काम माझं. विस्तवापासून वीतभर अंतर, कातडं आगीकडे, हात सतत फिरता, आणि दर चार फेऱ्यांनी टिचकी मारून कान लावायचा. कातडं बोलायला लागलं की बाजूला घेऊन शालीत गुंडाळायचं. फेरी कमी पडली तर सूर लागत नाही, जास्त झाली तर कातडं फाटतं. आठव्या वर्षापासून मी हे करत होते, आणि एकोणीस वर्षांची झाले तोवर माझ्या हातून एकही कातडं गेलं नव्हतं. आसपासच्या गावांतल्या भजनी बायका मला ‘ऊबवाली’ म्हणत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे घडलं ते चुकून घडलं असं म्हणायला मला जागा उरणार नाही.

वेणूआत्या ही बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोन वर्षांत परत आली ती एक ट्रंक आणि ही खंजिरी घेऊन. काहून आली, असं कुणी विचारलं की म्हणायची, “तिथं कोनाले सूरच नव्हता, बापा.” एवढ्यावर विषय संपायचा. बाबा दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये फिटर होते. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भुवयांवर, मिशीवर, कानाच्या केसांत रुई चिकटलेली असायची. दारात साठ वर्षांचा म्हातारा उभा राहायचा आणि मोरीतून चाळीशीचा माणूस बाहेर यायचा. माय म्हणायची, “रोज दोन नवरे सांभाळून राह्यली मी.” जिनिंगची घरघर आमच्या घरापर्यंत यायची, आणि आत्याचा रियाज त्या घरघरीवर चालायचा. तंबोरा नव्हता, पण एवढा मोठा कारखाना सूर धरून बसलेला! पेटीवर साथ करायचे रशीदचाचा. तेही जिनिंगमधलेच, बाबांचे जोडीदार. ते पेटीची पट्टी जिनिंगशी जुळवून घ्यायचे. पुढे कापसाचे वाईट दिवस आले. बोंडं किडायला लागली, भाव पडला, खरेदी केंद्रापुढच्या गाड्यांच्या रांगा बसस्टँडपर्यंत यायच्या आणि तिथेच अडकायच्या. सहा महिने चालणारं जिनिंग दोन महिन्यांत गप्प व्हायला लागलं. त्या हिवाळ्यात आत्या अर्धी पट्टी वर गायला लागली. रशीदचाचा आत्याला ‘बाजी’, म्हणजे ताई म्हणत. ते पेटीवर हात ठेवून म्हणाले, “मशीन बंद, तो बाजी का सुर भी हवा में!” आत्या म्हणाली, “भाव खाली गेले, मी तरी वर राह्यतो!”

गाणं उघड्यावर ऐकायचं, ही आमच्या घरची रीत. उरुसातली कव्वाली असो, जयंतीचा गाण्यांचा सामना असो की भजनाची स्पर्धा असो, आत्या पोतं आणि गोधडी घेऊन दोन तास आधी जायची आणि माइकच्या समोर जागा धरायची. भिंतींच्या आत तिला गाणं ऐकूच यायचं नाही म्हणे. गाणाऱ्याच्या तोंडावर बोलायला ती भ्यायची नाही. एकदा एका मोठ्या कव्वालाला तिने खालून ओरडून विचारलं होतं, “भाऊ, आलाप झाला का गाडी लावून राह्यले?” माणसं हसली, कव्वालही हसला, आणि पुढचा अंतरा त्यानं तिच्याकडे बघून म्हटला. मी मात्र गोधडीत तोंड लपवलं. मला आत्याची लाज वाटायची. हेही कबूल केलेलं बरं.

आमचं भजन मंडळ नऊ बायकांचं. हिवाळा आला की गावोगावी खंजिरी भजनाच्या स्पर्धा लागत. मैदानावर मंडप, एका बाजूला महाप्रसादाच्या वरणाचे गंज, दुसऱ्या बाजूला पऱ्हाटी पेटवून केलेली मोठी शेकोटी. कापूस वेचून झाला की उरलेल्या झाडाच्या त्या काटक्या. त्यांचा जाळ झटकन उठतो आणि विस्तव बराच वेळ टिकतो. त्या शेकोटीभोवती सगळ्या मंडळांच्या खंजिऱ्या तापायच्या, आणि खऱ्या भेटीगाठी तिथेच व्हायच्या. तिथेच आत्याची आणि जमनाबाईची गाठ पडली होती. जमनाबाई जवळच्या तांड्यावरची, तिथल्या मंडळाची गाणारी. आवाज असा की माइक बंद पडला तरी तिला कळायचं नाही. दोघी एकमेकींच्या पक्क्या विरोधक आणि एका पानाचे दोन तुकडे करून खाणाऱ्या. आत्या तिच्यासाठी लसणाचा ठेचा न्यायची, ती आत्यासाठी तिळाची चटणी आणायची.

“तुहा आवाज आज बसला दिसते, जमने.”

“बसला नाई, वेणू. तुह्यासाठी जागा करून राह्यला.”

ज्या वर्षी दिग्रसच्या फेरीत आत्या पहिली आली आणि जमनाबाई दुसरी, त्या वर्षी दोघींची निवड ढाणकीच्या शेवटच्या फेरीसाठी झाली. इतक्या वर्षांत आत्या पहिल्यांदाच शेवटच्या फेरीत पोचली होती. निकाल लागल्यावर ती घरी येऊन चुलीपुढे बसली, आणि मायने वाढलेली अंबाडीची भाजी आणि भाकर समोर तशीच राहिली. मग हळूच म्हणाली, “वैनी, आपन ढाणकीले गाऊन राह्यलो.”

ती जिंकली होती ते काट्याच्या, म्हणजे कापूस तोलायच्या काट्याच्या भजनावर. स्पर्धेत दोन भजनं म्हणावी लागत, एक देवाचं आणि एक समाजाला चार शब्द सांगणारं. इतर मंडळं दारूबंदीवर नाहीतर स्वच्छतेवर गायची. आत्यानं स्वतः जुळवलं होतं:

बोंड फुटलं वावरात, हसू फुटलं काट्याले,
ओला म्हनून कापूस कापला, कोरड पडली ताटाले!

कापूस ओला आहे असं सांगून व्यापारी वजनात कट मारायचे, त्यावरचं हे भजन. पण खरी गंमत तिसऱ्या कडव्यात होती. ज्या गावात स्पर्धा, त्या गावातल्या सगळ्यात मोठ्या अडत्याचं नाव ती आधी विचारून घ्यायची आणि कडव्यात बसवायची. नाव आलं की मैदान उठायचं. शिट्ट्या, टाळ्या, टोप्या वर. दिग्रसच्या अडत्यानं तर तिथेच उठून हात जोडले होते. आता ढाणकीचा सगळ्यात मोठा अडत्या कोण? गुलाबराव. आणि गुलाबरावांच्या दुसऱ्या मुलासाठी मला मागणी आलेली होती.

मुलानं मला दिग्रसच्या फेरीत शेकोटीपाशी पाहिलं होतं. मीही त्याला पाहिलं होतं. खरं सांगायचं तर त्याच्या शर्टाला पाहिलं होतं. गर्दीत, धुळीत, पऱ्हाटीच्या धुरात त्या शर्टाची इस्त्री मोडलेली नव्हती. हसू नका. बाबांचं जिनिंग बंद, माय सकाळी एकदाच चहा करायची, आणि मला कडक इस्त्रीचं घर म्हणजे काशी वाटत होतं. ठरलं असं, की गुलाबराव स्पर्धेला येतील, समोरच्या खुर्चीत बसतील, आणि दुपारी तिथेच एका ओळखीच्या घरी मुलगी बघतील. म्हणजे सकाळी आत्या त्यांना माइकवरून कापूसचोर म्हणणार, आणि दुपारी मी त्यांना पोहे देणार.

आदल्या दिवशी टेम्पोत बसलो तेव्हा मी आत्याला म्हटलं, “आत्या, एवढं नाव गाळ ना.”

“नाव गाळलं तं भजनात काय राह्यते? टाळ?”

“माहं लग्न मोडन.”

तिने माझ्या गालावरची बट कानामागे सारली. “मंदे, ज्या मानसाले भजन पचत नाई, त्याले सून काय पचन? पाहू दे त्याले. तुलेबी पाहू दे.”

समोर बसलेल्या रशीदचाचांनी हसून पेटीवर चापट मारली. सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. पुसदपर्यंत हसत गेले, आणि पुसद मागे पडल्यावर ढाणकीपर्यंत त्या नावाच्या जागी बसेल असा दुसरा शब्द शोधत राहिले.

सकाळी मैदानावर दव एवढं होतं की पायांखालच्या ताडपत्र्या ओल्या होत्या. सगळ्यांच्या खंजिऱ्या बसलेल्या. जमनाबाईचा नंबर सातवा, आमचा आठवा. शेकोटीपाशी मी आणि ती समोरासमोर बसलो होतो. तिने आपली खंजिरी तापवता तापवता मला विचारलं, “लगन हाये म्हंते तुहं? घाबरजो नोको. पाह्यनाऱ्या लोकाइले आपनच पाह्यलं पाह्यजे, असं डोळे वटारून.” तिने डोळे वटारून दाखवले. मग माइकवरून तिच्या मंडळाचं नाव पुकारलं, आणि ती गोंड्यांची ओढणी सावरत खंजिरी घेऊन गेली. आत्या मंडपामागे बायकांची रांग लावत होती. मंडपाच्या पुढच्या खुर्चीत पांढरी टोपी, पांढरी मिशी, गुलाबराव येऊन बसलेले. त्यांच्या बाजूला इस्त्रीचा शर्ट.

मी टिचकी मारली. कातडं बोललं. लख्ख बोललं. तेव्हाच बाजूला घ्यायला हवं होतं. मी घेतलं नाही. हात फिरवायचा थांबवला आणि खंजिरी तशीच विस्तवावर धरून ठेवली. वीतभर अंतराचं चार बोटांवर आणलं. कातडं आधी पिवळं पडलं, मग कडेनं तांबूस झालं, केस जळल्यासारखा वास आला. मला सगळं दिसत होतं. आणि मग ‘फट्’ असा लहानसा आवाज झाला. एवढा लहान, की बाजूला निखारा फुटला असं कुणालाही वाटलं असतं. मी खंजिरी खाली ठेवली आणि पाण्याच्या टाकीकडे चालत गेले. तहान नव्हती.

परत आले तेव्हा आत्या तिथे उभी होती. फाटलेलं कातडं आतल्या बाजूला वळलं होतं. तिने ते बोटानं सरळ करून पाहिलं, जसं लहान लेकराच्या जखमेला करतात.

“कोन होतं इथं?”

मी म्हणाले, “मी पान्यावर गेलती.” इथवर थांबले असते तरी चाललं असतं. पण भीती माणसाला एका वाक्यावर थांबू देत नाही. मी पुढे म्हणाले, “जमनामावशी होती, तिचा नंबर पुकारायच्या आंदी.”

कुणालाही माझा संशय आला नाही. ऊबवालीच्या हातून कातडं जातं कधी? फक्त रशीदचाचांनी ते कातडं नाकाजवळ नेलं, माझ्याकडे बघितलं आणि “चमडा गया” एवढंच म्हणून खंजिरी पिशवीत टाकली. तेवढ्यात जमनाबाई गाऊन उतरली. टाळ्या अजून चालूच होत्या. काय झालं ते कळताच ती धावत आली आणि स्वतःची खंजिरी आत्यापुढे धरली. “याडी ये, माय वो! फुटली? घे, माही घे. गरम हाये अजून. जाय, नंबर पुकारला तुहा.”

खरंच पुकारत होते. एकदा, दोनदा. आत्यानं ती खंजिरी घेतली असती तर तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं भजन झालं असतं. मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. आत्यानं हात मागे घेतले.

“जमने, तुह्या पोटात असं होतं तं मले सांगाचं होतं. मी नंबर सोडून देल्ला असता.”

जमनाबाईला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला, की मी खाली शेकोटीकडे बघितलं. “वेणू, मी?” एवढंच ती म्हणाली. तिसऱ्यांदा नाव पुकारलं आणि मग नववं मंडळ बोलावलं. त्या दिवशी जमनाबाई पहिली आली. बक्षीस घ्यायला तिने मंडळातल्या दुसऱ्या बाईला पाठवलं.

दुपारी मी पोहे दिले. गुलाबरावांनी नाव, शिक्षण, स्वयंपाक विचारला. मी पसंत पडले. आत्या त्या घराच्या ओट्यावर बसून होती. आत आली तेव्हा तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, “चला, एक तं चांगलं झालं आज.” ते वाक्य मी जन्मभर गिळू शकलेले नाही.

लग्नानंतर चारेक महिन्यांनी एका दुपारी सासरे जेवायला बसले होते. मी भाकरी करून वाढत होते. ते म्हणाले, “सूनबाई, तुह्या आत्याचं ते काट्याचं भजन म्हंता येते का तुले?”

उलटायला घेतलेली भाकर तव्यावरच राहिली. “काहून, मामाजी?”

“अवं, दिग्रसवाल्याचं नाव घेतलं तिनं, तं तो आजबी सांगत फिरते. मी खास ऐकाले समोर जाऊन बसलो होतो. मित्राइले घेऊन गेलतो चार. म्हटलं आज आपलं नाव येते! आन् तिची खंजिरीच फुटली म्हने.” ते खरोखर हळहळले. “नशीब लागते बाप्पा अशालेबी.”

तव्यावरची भाकर जळली. सासूबाई ओरडल्या. मला हसू येत होतं की रडू, ते आजही सांगता येणार नाही. एवढं मात्र कळलं, की मी जे केलं त्याचा मला स्वतःलासुद्धा काही उपयोग नव्हता. चोरी केली आणि घरी आणून बघितलं तर पिशवी रिकामी.

आत्यानं पुन्हा कातडं चढवलं नाही. मंडळ वर्षभरात मोडलं. ती आणि जमनाबाई आठवडी बाजारात समोरासमोर आल्या तर एक जण वांग्यांकडे वळायची, दुसरी मिरच्यांकडे. दर वर्षी माहेरी गेले की मी ठरवायचे, उद्या सांगू. मग बाबा गेले, माय गेली, माझी मुलं मोठी झाली, नवऱ्याच्या शर्टांची इस्त्री मीच करायला लागले. उद्या काही आला नाही. मी कमी बोलणारी म्हणून सासरी माझं कौतुक होतं. कमी बोलणाऱ्या बाईच्या पोटात काय असतं, ते कौतुक करणाऱ्यांनी कधी तरी विचारावं.

गेल्या हिवाळ्यात मी दिग्रसला भावाकडे गेले होते. आत्या आता तिथे असते. ऐंशीच्या पुढची, कान मात्र तसेच तिखट. आम्ही दोघी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. बोलता बोलता भावजय म्हणाली, तांड्यावरची जमनाबाई न्हाणीत पडली, खुबा मोडला, बाजेवरच आहे. आत्या शेंगेतून दाणे काढत म्हणाली, “भोगून राह्यली. केलेलं कुठं जाते?”

भावजय आत गेल्यावर मी म्हणाले, “आत्या, ते तिनं नव्हतं केलं.”

“काय?”

“खंजिरी. मी फोडली. मुद्दाम. लग्न मोडन म्हनून.”

आत्याचे हात थांबले. मी सगळं सांगितलं, चार बोटांचं अंतर, टाकीचं पाणी, सगळं. ती माझ्याकडे बघत नव्हती. सांगून झालं तेव्हा वाटलं, आता ओरडेल, नाहीतर रडेल. तिने मांडीवरची टरफलं झटकली, उठली, हात धुतले, आत जाऊन लुगडं बदलून आली आणि म्हणाली, “ऑटो बोलाव.”

वाटेत मी बोलायला तोंड उघडलं की ती बाहेर बघायची. जमनाबाई ओसरीत बाजेवर टेकून बसली होती. एवढीशी झालेली. आत्या तिच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“जमने, ते तू नव्हती.”

जमनाबाईनं डोळे बारीक करून पाहिलं. “मी नव्हती, हे मले तं तवापासूनच मालूम हाये,” ती म्हणाली. “तुले कोनं सांगतलं?”

आत्यानं हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. “या बयेनं. हिनंच केलं.”

जमनाबाईनं मान माझ्याकडे वळवली. ऑटोत बसून मी शब्द जुळवले होते. “मावशी, मी—” एवढं म्हणताच तिने हात वर केला. “थांब वो तू. वेणू, तू आंदी बस. उभ्यानं कोनी बोलते का?”

आत्या बाजेच्या पायथ्याशी बसली. ओसरीत कोंबडी येऊन गेली. मग आत्या म्हणाली, “तुहे दात कुठं गेले?”

“तुहे केस गेले, तिकडंच.”

आत्या हसली आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला. जमनाबाईनं हात पुढे करून तिचं मनगट धरलं, आणि पुढे दोन तास दोघी बोलत होत्या. मला कुणी बस म्हटलं नाही. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. सुनेनं चहा आणला तो त्यांनी एका बशीतून आलटून पालटून प्याला. त्या काय बोलत होत्या? कोण मेलं, कुणाची नात शिकली, गुडघ्याला कोणतं तेल. ढाणकीचं नाव कुणी काढलं नाही.

उन्हं कलायला लागली तेव्हा मी म्हणाले, “आत्या, निघायचं?”

“तू जाय. मी राह्यतो.”

“किती दिवस?”

उत्तर जमनाबाईनं दिलं. “जेवढी वर्सं तू खाल्ली, तेवढं बोलू तं दे.”

मी पायरी उतरले आणि परत वळले. राहवलं नाही. “आत्या, मले माफ केलं ना?”

तिने माझ्याकडे पाहिलं. रागावलेली नव्हती. कामात असलेल्या बाईला कुणी मध्येच हाक मारावी तशी दिसली. “तुहं मंग पाहू, मंदे. आंदी आमचं होऊ दे.”

अकरा दिवसांनी ती गोळ्या संपल्या म्हणून घरी आली, दोन दिवस राहिली आणि परत निघाली. मी तिला तांड्याच्या रस्त्यापर्यंत सोडायला गेले, आणि तिची पिशवी तिच्या हातात देताना पुन्हा विचारलं. ती पिशवी खांद्याला लावत म्हणाली, “व्हायचं हाये आमचं अजून.”